पांढरा द्राक्षारस : वेदीवरून ताटापर्यंत

द्राक्षारस हा शब्द आपल्या कानांना जितका परिचित आहे, तितकाच तो पदार्थ आपल्या जिभेला अपरिचित आहे. दर रविवारी मिस्साबलीत धर्मगुरू भाकर व द्राक्षारस अर्पण करतात आणि आपण सारे त्या अर्पणात सहभागी होतो. तथापि आपल्याकडे बहुतेक ठिकाणी भाविकांना भाकरीच्या रूपातच ख्रिस्तशरीर दिले जात असल्याने प्याल्यातील रस कोणता, तो कुठून आला, त्याचा रंग कसा, हे विचारण्याची वेळ सहसा येत नाही. दुसरीकडे हिंदी चित्रपटांनी ख्रिस्ती माणसाच्या हाती बाटली देऊन त्याला वर्षानुवर्षे पडद्यावर झुलवत ठेवले. नाताळ जवळ आला की ओळखीचे लोक गमतीने विचारतात, "तुमच्याकडे तर वाइन असणारच!" ज्यांच्या घरात कधी एक थेंब आला नाही, त्यांनाही हा प्रश्न चुकत नाही.

या दोन गोष्टींच्या मध्ये, म्हणजे वेदीवरील मौन आणि पडद्यावरील थट्टा यांच्या मध्ये, एक दीर्घ आणि मनोरंजक इतिहास उभा आहे. त्यातील एकच धागा आम्ही येथे हाती घेत आहोत : इटलीतील पांढऱ्या द्राक्षारसाचा धागा. तो मध्ययुगीन इटलीतून निघतो, ठाण्याला आणि केरळला स्पर्श करतो, सावॉयच्या डोंगरांतून नागपूरला येतो आणि आज नाशिक-सोलापूरच्या काळ्या मातीत रुजलेला दिसतो. आमच्या जरीपटक्यात बसून त्याकडे पाहिले, तर त्याचा आपल्या घराशी आणि ताटाशीही काही संबंध आहे, असे ध्यानात येते.

मंदिर आणि मळा

रोमच्या उत्तरेला, मऊ दगडाच्या एका उंच खडकावर ऑर्व्हिएतो नावाचे प्राचीन नगर वसले आहे. कॅथोलिक जगाला ते दोन कारणांनी ठाऊक आहे. परंपरेनुसार १२६३ साली जवळच्या बोल्सेना गावी मिस्सा अर्पण करणाऱ्या एका धर्मगुरूच्या मनात ख्रिस्ताच्या सत्य उपस्थितीविषयी संशय होता. त्याच्या हातातील पवित्र भाकरीतून रक्त ठिबकले आणि वेदीवरचे पांढरे वस्त्र डागाळले. त्या वेळी पोप चौथे अर्बन ऑर्व्हिएतोत राहत होते. पुढल्याच वर्षी, १२६४ साली, त्यांनी ख्रिस्तशरीराचा सण सर्व ख्रिस्तसभेसाठी जाहीर केला. ते वस्त्र आजही ऑर्व्हिएतोच्या भव्य कॅथेड्रलमध्ये जतन केलेले आहे. या कॅथेड्रलची पायाभरणी १२९० साली झाली.

दुसरे कारण म्हणजे तेथील पांढरा द्राक्षारस. ऑर्व्हिएतोच्या खडकाच्या पोटात खोदलेल्या थंड तळघरांत शतकानुशतके रसाची पिंपे ठेवली जात. थंडीमुळे आंबण्याची क्रिया मंदावून अर्ध्यावर थांबे आणि रसात थोडी गोडी शिल्लक राही. हा रस एकाच जातीच्या द्राक्षांचा नसे. ग्रेकेत्तो जातीची द्राक्षे त्याला अंग देत आणि त्रेब्बियानो जातीची द्राक्षे आंबटपणा. इटलीतील इतर प्रसिद्ध पांढरे रसही असेच मिश्र आहेत. रोमजवळच्या फ्रास्कातीत माल्व्हाझिया आणि त्रेब्बियानो एकत्र येतात, व्हेरोनाजवळच्या सोआव्हेमध्ये गार्गानेगा ही प्रमुख द्राक्षे असतात आणि तिच्या जोडीला इतर, तर ईशान्येकडील फ्रिउली प्रदेशात रिबोल्ला, फ्रिउलानो, माल्व्हाझिया अशा तीन-चार जातींचा मेळ घातला जातो. मळेकऱ्याच्या दृष्टीने यात शहाणपण होते. एका जातीवर रोग पडला किंवा अवेळी पाऊस आला, तरी दुसरी तगून राही. आपल्याकडे एकाच वावरात ज्वारी, तूर आणि अंबाडी पेरणाऱ्या शेतकऱ्याला हे समजावून सांगावे लागणार नाही.

पांढरा रस तयार करण्याची रीतही साधी आहे. द्राक्षे चेपून रस लगेच सालींपासून वेगळा करायचा. रंग आणि तुरटपणा मुख्यत्वे सालीत असतो. ती दूर केली की रस फिकट सोनेरी राहतो.

वेदीवर कोणत्या रंगाचा रस असावा, याविषयी ख्रिस्तसभेने बंधन घातलेले नाही. १९८३ च्या धर्मविधीसंहितेतील ९२४ व्या कलमात एवढीच अट आहे की, तो वेलीच्या फळापासून झालेला, नैसर्गिक आणि न बिघडलेला असावा. लाल रंगातून रक्ताचे सूचन होते हे खरे. पण प्याला पुसण्याचे शुभ्र तागाचे वस्त्र लाल रसाने डागाळते, या अगदी घरगुती कारणामुळे अनेक देशांत वेदीवर पांढराच रस पसंत केला गेला. ती वस्त्रे धुणाऱ्या धर्मभगिनींचा आणि मातांचा या निवडीत वाटा असावा, असे आम्हाला वाटते.

शुक्रवारचा मासा

पांढऱ्या रसासोबत मासा खावा, हा युरोपातील संकेत सर्वपरिचित आहे. त्याच्या मुळाशी जिभेची आवड आहे, तसेच उपासनावर्षाचे पंचांगही आहे. शतकानुशतके कॅथोलिक घरांत प्रत्येक शुक्रवारी, प्रायश्चित्तकाळात आणि मोठ्या सणांच्या आदल्या दिवशी मांस वर्ज्य असे. नाताळची पूर्वसंध्याही मांसवर्ज्य असल्याने इटलीत त्या रात्री माशांचेच भोजन होई. नियम सैल झाला तरी ती प्रथा तेथील घरांत टिकून आहे. १९६६ साली पोप सहावे पॉल यांनी प्रायश्चित्ताच्या नियमांची नव्याने मांडणी केली, तोपर्यंत वर्षातील कितीतरी दिवस ताटात मासा, अंडी, चीज किंवा भाजीपाला एवढेच असे. अशा हलक्या जेवणाला लाल रसाचा तुरटपणा मानवत नाही. पांढऱ्या रसाचा आंबटपणा मात्र माशावर लिंबू पिळल्यासारखे काम करतो. म्हणजे स्वयंपाकघरातील ही जोडी पुष्कळ अंशी उपवासाच्या शिस्तीने घडवली.

आमच्या किनाऱ्यावर

महाराष्ट्राच्या भूमीवर लॅटिन परंपरेचे जे पहिले मिशनरी आले, त्यांत इटालियन होते, याची आठवण आपल्याकडे पुरेशी राहिलेली नाही. एप्रिल १३२१ मध्ये ठाणे येथे चार फ्रान्सिस्कन धर्मबंधूंना हौतात्म्य आले. तोलेन्तिनोचे थॉमस, पादुआचे जेम्स आणि सिएनाचे पीटर हे तिघे इटलीचे होते. चौथे दिमित्री हे जॉर्जियातील तिफ्लिसचे. तिघे वेलींच्या देशातले, तर चौथे अशा भूमीतले, जिथे द्राक्षारस बनवण्याचे सुमारे ८००० वर्षांपूर्वीचे पुरावे सापडले आहेत. थोड्याच काळात फ्रिउलीतील पोर्देनोनेचे धर्मबंधू ओदोरिक ठाण्यास आले आणि हुतात्म्यांच्या अस्थी घेऊन पुढे चीनकडे गेले. मिश्र पांढऱ्या रसासाठी आज नावाजलेला फ्रिउली प्रदेश तो हाच. ठाण्याचे वर्णन करताना ओदोरिक यांनी तेथे भाकरीची आणि रसाची विपुलता असल्याचे लिहिले आहे. किनाऱ्यावरची ताडामाडांची बने पाहता तो रस बहुधा ताडी-माडीच असावा. मिस्साबलीसाठी ती चालण्यासारखी नव्हती, कारण वेलीच्या फळाखेरीज दुसरा कोणताही रस वेदीवर ग्राह्य नाही.

घाटावर मात्र द्राक्षे होती. चौदाव्या शतकात मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता दौलताबादेस आला. तेथे द्राक्षे आणि डाळिंबे वर्षातून दोनदा फळतात, अशी नोंद त्याने केली आहे. या नोंदीत उष्ण प्रदेशातील वेलीचे सारे रहस्य आले. युरोपात हिवाळ्यात वेल झोपते; आपल्याकडे ती झोपतच नाही. म्हणून आजही महाराष्ट्रातील बागायतदार एप्रिलच्या सुमारास एक आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये दुसरी छाटणी करतो आणि जानेवारी ते मार्च या काळात एकच चांगला बहार घेतो.

पण दौलताबादची द्राक्षे वेदीपर्यंत पोहोचली नाहीत. केरळातील संत थॉमसचे ख्रिस्ती लोक मनुका भिजवून रस काढत. १५९९ साली उदयंपेरूर येथे आर्चबिशप मेनेझिस यांनी जी धर्मपरिषद भरवली, तिच्यात पोर्तुगालच्या राजाने तेथील चर्चसाठी दरवर्षी मस्कतेल जातीचा द्राक्षारस पाठवावा, अशी विनंती करण्यात आली. आपल्या भूमीतील उपासना सात समुद्रांपलीकडच्या पिंपावर किती अवलंबून होती, हे यावरून दिसते. मनुकांच्या रसाला मात्र रोमने पुढे सरसकट नकार दिला नाही; रंगावरून आणि चवीवरून तो खरा द्राक्षारस म्हणून ओळखता आला पाहिजे, एवढीच अट राहिली.

सावॉयहून नागपूरला

आता आपण घराकडे वळू. नागपूरच्या धर्मप्रांताचा पाया घालणारे मिशनरी संत फ्रान्सिस द सेल्स यांच्या नावाच्या संघाचे होते. फादर पीटर मेर्मिए यांनी १८३८ साली आनसी येथे हा संघ स्थापला. १८४५ साली त्यांचे पहिले मिशनरी भारताकडे निघाले आणि पुढील वर्षी विशाखापट्टणम येथे कामाला लागले. तेथून त्यांचे कार्य कामठीची लष्करी छावणी आणि नागपूर येथवर पसरले. १८८७ साली नागपूर हा स्वतंत्र धर्मप्रांत झाला आणि १९७७ साली महाधर्मप्रांत.

या मिशनऱ्यांना आपण सहजपणे फ्रेंच म्हणतो. त्यांची भाषा फ्रेंच होती, हे खरे आहे. परंतु १८४५ साली आनसी फ्रान्समध्ये नव्हते. सावॉयचा सारा प्रदेश सार्डिनियाच्या राज्यात होता, त्याची राजधानी इटलीतील तूरीन होती आणि तेथील राजघराण्यानेच पुढे अखंड इटलीचे राज्य उभारले. सावॉय फ्रान्सला मिळाला तो १८६० साली. म्हणजे आमच्या भागात पहिल्यांदा वेदी मांडणारे ते धर्मगुरू तूरीनच्या राजाचे प्रजाजन होते. आणि सावॉय हा पूर्वापार पांढऱ्या द्राक्षारसाचा प्रदेश आहे. आल्प्सच्या उतारांवर जाकेर आणि आल्तेस या पांढऱ्या जातींच्या वेली तेथे आजही पसरलेल्या आहेत.

अशा प्रदेशातून आलेल्या माणसांसमोर नागपूरचा उन्हाळा उभा ठाकला. पारा ४५ अंशांपलीकडे जातो, तेव्हा काय बिघडत नाही? द्राक्षारसाला हवा आणि उष्णता लागली की तो आंबून सिरका होतो आणि सिरका झालेला रस मिस्साबलीसाठी अग्राह्य ठरतो. मुंबई-नागपूर लोहमार्ग १८६७ साली सुरू झाला. त्याआधी समुद्रकिनाऱ्यापासून नागपूरपर्यंतचा प्रवास बैलगाडीचा होता. दूरच्या आणि उष्ण प्रदेशांतील ही अडचण ओळखून रोमने रस टिकावा म्हणून त्यात द्राक्षांपासूनच काढलेला मद्यार्क ठरावीक प्रमाणात मिसळण्यास अनुमती दिली होती. एका मिस्सेला लागतो तो रस जेमतेम दोन-तीन चमचे. त्यात धर्मगुरू पाण्याचा एक थेंब घालतात. एवढ्या थेंबांसाठी समुद्र, घाट आणि जंगल ओलांडले गेले, ही गोष्ट प्याल्याकडे पाहताना आठवावी अशी आहे.

कायद्यानेही या थेंबांची दखल घेतली. १९३८ साली मध्य प्रांत व वऱ्हाडच्या काँग्रेस मंत्रिमंडळाने दारूबंदीचा कायदा केला. १९४९ साली मुंबई राज्याचा दारूबंदी कायदा आला, जो आज महाराष्ट्राचा म्हणून ओळखला जातो. या कायद्यात धर्मविधीसाठी लागणाऱ्या द्राक्षारसाला परवानगी देण्याची तरतूद ठेवण्यात आली. कठोर दारूबंदीच्या काळातही शासनाने वेदीवरचा प्याला आणि गुत्त्यातला पेला यांतला भेद मान्य केला. चित्रपटांना तो भेद कळला नाही.

सह्याद्रीच्या मातीत

वेदीवरील रस बाहेरून येत असताना महाराष्ट्रात द्राक्षबागा वाढत होत्या, पण त्या खाण्याच्या द्राक्षांच्या. १९८० च्या दशकात पुणे जिल्ह्यात नारायणगाव येथे फ्रेंच तंत्राच्या साहाय्याने बुडबुड्यांचा पांढरा रस तयार होऊ लागला. नाशिकला राजीव सामंत यांनी १९९० च्या दशकाच्या अखेरीस शेनिन ब्लां आणि सोव्हिन्यॉं ब्लां या पांढऱ्या जाती लावल्या आणि २००० साली त्यांचा रस बाजारात आला. २००१ साली राज्य शासनाने द्राक्षप्रक्रिया उद्योगासाठी धोरण आखले. नाशिक जिल्ह्यात विंचूर आणि सांगली जिल्ह्यात पलूस येथे खास वसाहती निघाल्या.

इटलीचा धागा येथे पुन्हा हाती येतो. निफाड तालुक्यातील कुंदेवाडी येथे यतिन पाटील यांच्या मळ्यात सिसिली बेटावरची ग्रिल्लो ही पांढरी जात रुजवली गेली. सोलापूर जिल्ह्यात अकलूज परिसरात तर एक वेगळाच प्रयोग झाला. इटलीचे सेक्की बंधू, दिल्लीचे सेखरी बंधू आणि अकलूजच्या मोहिते-पाटील घराण्यातील बंधू एकत्र आले. तोस्कानाचे जाणकार पिएरो मासी त्यांना मिळाले आणि २००७ च्या सुमारास तेथे वेली लागल्या. त्या उद्योगाचे नावच 'फ्रातेल्ली', म्हणजे इटालियन भाषेत 'भाऊ'. ऊस आणि डाळिंबाच्या मुलखात, दुष्काळ ज्यांच्या पाचवीला पुजलेला त्या गावांत, इटलीचा माणूस मराठी मजुराला वेल बांधायला शिकवतो, हे दृश्य आपल्या आजोबांना कल्पनेतही दिसले नसते.

मात्र या कथेला काळी बाजूही आहे. २००८ च्या जागतिक मंदीनंतर मागणी घटली, काही कारखाने बंद पडले आणि अनेक शेतकऱ्यांनी रसाच्या द्राक्षांच्या वेली उपटून टाकल्या. खाण्याची द्राक्षे कोणत्याही बाजारात विकता येतात. रसाच्या द्राक्षांना कारखान्याखेरीज दुसरे दार नसते. सोनेरी रसाचे कौतुक करताना हा धोका कोणाच्या माथी आहे, हे विसरता कामा नये.

शिंगातले शेण

आज इटलीतील काही नामवंत मळे 'बायोडायनॅमिक', म्हणजे जैवगतिक पद्धतीने पिकवले जातात. आल्प्सच्या पायथ्याचे आलोइस लागेडर यांचे मळे हे त्याचे एक ठळक उदाहरण. फ्रान्समध्ये सिस्टर्शियन मठवासींनी बाराव्या शतकात लावलेला कुले द सेरां हा मळाही गेली काही दशके याच पद्धतीने चालतो आणि तेथे पिकते ती शेनिन ब्लां, आपल्या नाशिकचीच पांढरी जात.

ही पद्धत रुडॉल्फ स्टायनर यांनी जून १९२४ मध्ये कोबेरविट्झ येथे दिलेल्या आठ व्याख्यानांतून जन्मली. रासायनिक खतांनी जमीन मरत चालली आहे, अशी तक्रार घेऊन काही शेतकरी त्यांच्याकडे गेले होते. शेत हा एक सजीव देह आहे. त्याचे खत, बी आणि जनावरे शक्यतो त्याच शेतातली असावीत, हे त्यांच्या शिकवणुकीचे सार. तिचा सर्वांत प्रसिद्ध विधी असा : गाईच्या शिंगात शेण भरून ते हिवाळाभर जमिनीत पुरायचे, वसंतात काढून त्यातील थोडेसे पाण्यात तासभर ढवळायचे आणि शेतावर शिंपडायचे. त्याला चंद्राच्या आणि ग्रहांच्या गतीनुसार पेरणी-छाटणीची जोड दिली जाते.

आपल्या वाचकांनी येथे विवेक ठेवावा. स्टायनर यांच्या शेतीमागे गूढवादी तत्त्वज्ञान आहे, ज्याची मुळे थिऑसॉफीत आहेत. थिऑसॉफीची मते कॅथोलिक श्रद्धेशी जुळत नाहीत, असा निर्णय रोमने १९१९ सालीच दिला होता. शिंगातील शेणाचा आणि ग्रहगतीचा वेगळा असा प्रभाव विज्ञानाने सिद्ध केलेला नाही. परंतु शेणखत, मिश्र पिके, विषारी फवारणीचा त्याग आणि मातीतील जिवाणूंची जपणूक यांचा लाभ निर्विवाद आहे. हा लाभ घेण्यासाठी श्रद्धा बदलावी लागत नाही. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली 'लाउदातो सी' या परिपत्रकात पृथ्वीला सर्वांचे घर म्हणून जपण्याचे आवाहन केले, त्याच्याशी हे सुसंगतच आहे.

आणि विदर्भाला यात नवे ते काय? अमरावती जिल्ह्यातील बेलोऱ्याचे सुभाष पाळेकर यांनी देशी गाईचे शेण, गोमूत्र, गूळ, बेसन आणि मूठभर माती यांचे जीवामृत करून रासायनिक खतांवाचून शेती करण्याचा मार्ग सांगितला. २०१६ साली त्यांना पद्मश्री मिळाली. पाळेकर जैवगतिक पद्धतीचे अनुयायी नाहीत, किंबहुना तिचे टीकाकार आहेत. तरीही कर्जाने आणि महागड्या खतांनी पिचलेल्या विदर्भातल्या शेतकऱ्याला आणि १९२४ च्या त्या युरोपीय शेतकऱ्याला एकच प्रश्न पडला होता : जमीन जिवंत कशी ठेवायची? वेदीवर धर्मगुरू जे अर्पण करतात, ते भूमीचे फळ आणि मानवी श्रमाचे फळ असते. ती भूमी विषारी नसावी आणि त्या श्रमाचे मोल बुडवलेले नसावे, अशी अपेक्षा धरणे हाही श्रद्धेचाच भाग होय.

जरीपटक्याचे ताट

आमच्या वस्तीला मराठ्यांच्या भरजरी निशाणाचे नाव आहे. फाळणीनंतर सिंधमधून उखडलेली कुटुंबे येथे स्थिरावली. कामठी रस्त्याच्या अल्याड-पल्याड आंबेडकरी वस्त्या आहेत, मार्टिननगरसारख्या भागांत ख्रिस्ती घरे आहेत. त्यामुळे येथील ताट हे मुळातच मिश्र आहे, ऑर्व्हिएतोच्या रसासारखे. इटालियन पांढऱ्या रसाची सांगड या ताटाशी घालायची म्हटली, तर ती कशी बसेल?

भंडारा-गोंदियाच्या मालगुजारी तलावांतील मासे आणि झिंगे नागपूरच्या बाजारात येतात. हळद-मीठ लावून तळलेला रोहू किंवा मरळ, वर लिंबाची फोड : येथे कोरडा, आंबटसर पांढरा रस नेमका बसतो. सिंधी शेजाऱ्यांची साई भाजी, म्हणजे पालक, चुका आणि चणाडाळीचा मऊ मेळ, हीदेखील त्याला मानवते. कांदा घालून भाजलेली खरपूस कोकी सोबत असली तर अधिकच. चिंचेच्या आंबट सिंधी कढीपुढे मात्र रसाचा आंबटपणा फिका पडतो. कोथिंबिरीची सांबारवडी आणि वडा-भात हे तळणीचे पदार्थ. त्यांतील तेलकटपणा हा रस जिभेवरून उतरवतो.

सावजी रश्शाची गोष्ट निराळी. हलबा कोष्टी समाजाने घडवलेले हे तिखटजाळ मटण म्हणजे नागपूरचा अभिमान. पण मद्यार्क तिखटाची आग वाढवतो, शमवत नाही. त्यासोबत कोरडा रस घेणे म्हणजे आगीत तेल. थोडी गोडी राखलेला, थंड केलेला रस कसाबसा टिकतो. खरे सांगायचे तर सावजीला ज्वारीची भाकर, कच्चा कांदा आणि मठ्ठा हीच जोड आहे, तिला परदेशी पाहुण्याची गरज नाही. नाताळच्या फराळातील करंजी, अनारसे आणि केक यांपुढेही कोरडा रस कडवट लागतो. तेथे गोडसर रस हवा, अथवा सरळ संत्र्याचा ताजा रस. नागपूरकरांना यापेक्षा चांगले काय सुचवावे?

मर्यादेचा प्रश्न

येथवर आम्ही रसाच्या गोडव्याचे बोललो. पण विदर्भात बसून दारूविषयी केवळ गोड बोलता येत नाही. वर्धा जिल्हा १९७० च्या दशकापासून दारूबंद आहे. गडचिरोलीत गावोगावच्या लोकांनी, विशेषतः स्त्रियांनी, दीर्घ लढा दिल्यावर १९९३ साली बंदी आली. चंद्रपुरात २०१५ साली बंदी आली आणि २०२१ साली उठली. जानेवारी २०२२ मध्ये मोठ्या किराणा दुकानांतून वाइन विकू देण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने घेतला, तेव्हा 'वाइन म्हणजे दारू नव्हे' असे एका बाजूने सांगितले गेले आणि दुसऱ्या बाजूने प्रखर विरोध झाला. निर्णय तेव्हा अमलात आला नाही. वाइनमध्येही मद्यार्क असतोच, साधारण बारा-तेरा टक्के. द्राक्षे पिकवणाऱ्याचे हित महत्त्वाचे आहे आणि संध्याकाळी दारात वाट पाहणाऱ्या स्त्रीचे भयही तितकेच खरे आहे. आपल्या धर्मग्रामातही अशी दारे आहेत.

शास्त्राने या प्रश्नाची दोन्ही अंगे सांगितली आहेत. कानाच्या लग्नात येशूने पाण्याचा द्राक्षारस केला, तोही उत्तम प्रतीचा. बेन सिराच्या ग्रंथात मापात घेतलेला रस आनंद देतो आणि अतिरेक कटुता आणतो, असे सांगितले आहे. परंतु संत पौल रोमकरांना लिहिताना आणखी पुढे जातात : ज्यामुळे आपल्या भावाला ठेच लागते, ते न खाणे, न पिणे चांगले. ख्रिस्तसभेने हे वचन वेदीवरही पाळले आहे. व्यसनातून बाहेर पडू पाहणाऱ्या धर्मगुरूला बिशपांच्या अनुज्ञेने साधा द्राक्षारस न घेता, ज्यात आंबण्याची क्रिया जेमतेम सुरू होऊन थांबवलेली असते असा 'मुस्तुम' वापरता येतो. साक्षात मिस्साबलीत ख्रिस्तसभा एका दुर्बल भावासाठी एवढी काळजी घेते, तर आपल्या लग्नघरांत आणि नाताळच्या बैठकींत ती घेणे अवघड का वाटावे?

ज्या घरात कोणी व्यसनाशी झुंजत आहे, त्या घरी त्या दिवशी सर्वांनीच संत्र्याचा रस घ्यावा. यजमानाने पाहुण्याला आग्रह करू नये. मुलांसमोर पेल्याची प्रौढी मिरवू नये. आणि ज्यांना मानवते, त्यांनी जेवणासोबत, मोजका, चवीने घ्यावा. वेदीवरच्या प्याल्यात रस थोडा असतो, त्यात पाण्याचा थेंब असतो आणि तो सर्वांसाठी असतो. आपल्या घरच्या पेल्यासाठी याहून वेगळा नियम शोधण्याचे कारण आम्हाला दिसत नाही.